मुंगीच्या आईला

३ फेब्रुवारी

अगं वरची,

तुला आता या नावानं कोणी हाक मारत नसेल. आमच्या डोक्यावरच्या खोलीत राहायचीस म्हणून वरची. तिथे आता एक शिकवण्या घेणारे मास्तर राहतात, पण आमच्या घरात 'वरची' म्हटलं की अजून तूच. तुझा परदेशातला पत्ता तुझ्या औषध कारखान्यातल्या मैत्रिणीनं दिला. आधी नाहीच म्हणत होती. मी तिच्या पाळी सुटायच्या वेळी फाटकाशी जाऊन उभी राहायला लागले, तेव्हा वैतागून एका खोक्याच्या तुकड्यावर खरडून दिला आणि म्हणाली, "मी दिला असं सांगू नका." तर तिनं दिला असं मी सांगितलेलं नाही.

मुंगी मजेत आहे. दुसरीत गेली. नाव अजून मुंगीच. रांगत असताना जमिनीवरचं दिसेल ते तोंडात घालायची म्हणून आमच्या ह्यांनी ठेवलं होतं; आता दिसेल ते खिशात घालते. धुवायला टाकलेल्या फ्रॉकमधून परवा एक खिळा, दोन मणी आणि कुणाचा तरी तुटका दात निघाला. तिचा नाही, मी मोजले.

काम असं आहे की शाळेला एक कागद हवाय. मुलीचा सांभाळ आम्ही दोघं करतो आणि ते तुला मान्य आहे, असं तुझ्या हातानं लिहायचं आणि तिथल्या वकिलाचा शिक्का घ्यायचा. चार ओळी पुरेत. घाई नाही. म्हणजे आहे थोडीशी. शाळेचं तुला ठाऊकच आहे, एकदा पाठीमागे लागले की लागले.

मी अजून त्याच चष्म्याच्या दुकानात, मागच्या खोलीत काचा घासते. जेवणाच्या सुट्टीत हे लिहितेय. चाकावर सारखं पाणी पडत असतं, म्हणून कागदावर डाग आहेत. भलतंसलतं समजू नकोस.

मुंगीला आता पळायची परवानगी मिळाली आहे. काळजी करू नकोस.

तुझी ताई


२१ फेब्रुवारी

वरची,

उत्तर नाही. पत्र पोचलं असेल असं धरून चालते.

शाळेचं खोटं होतं. शाळेनं काही मागितलेलं नाही. पळायच्या परवानगीचं मी लिहून गेले आणि पोस्टात टाकल्यावर जीभ चावली. तू ते वाचून काय काय समजली असशील, कुणास ठाऊक. म्हणून सरळ सांगते.

जानेवारीत मुंगीच्या पोटात दुखायला लागलं. ती दुखलं की सांगत नाही, नुसती गप्प होते. शाळेतून आली, दप्तर पाठीवर तसंच ठेवून खुर्चीत बसली. मी पाठीला हात लावला तर अंग भट्टीसारखं तापलेलं. हे त्या वेळी एका इमारतीत अडकलेली लिफ्ट सोडवत होते, ते हातातलं टाकून तसेच तेलकट हातांनी आले. हॉस्पिटलमध्ये डॉक्टर म्हणाले, अपेंडिक्स आहे, लगेच कापायला हवं. तिला आत नेलं आणि खिडकीतल्या माणसानं माझ्यापुढे कागद सरकवला.

"पेशंटच्या कोण तुम्ही?"

"मावशी."

"सख्ख्या?"

मी नाही म्हणाले. का म्हणाले कुणास ठाऊक. हो म्हटलं असतं तर तो पुढच्या माणसाकडे वळला असता.

"मग आईवडिलांना बोलवा."

"आम्हीच आहोत," हे म्हणाले.

"तसा काही कागद?"

वरची, आमच्याकडे तिचा पहिला बूट आहे. लसींचं कार्ड आहे. तुझ्या हातची एक चिठ्ठी आहे, 'दूध कोमट द्यावे'. तो मागत होता तसला कागद नाही. त्यानं पेन परत घेतलं. परत घेतलं गं, माझ्या बोटांतून. आत पोर कण्हत होती आणि बाहेर आम्ही कोणीच नव्हतो.

शेवटी सर्जन स्वतः बाहेर आले, काय गोंधळ आहे विचारलं, आणि स्वतःच्या सहीवर ऑपरेशन केलं. त्यांचं भलं होवो. मुंगी बरी झाली. हे अगदी खरं आहे, यात काही लपवलेलं नाही.

पण अशी केस आली की हॉस्पिटलला वर कळवावं लागतं. त्यांनी कळवलं. मग बालकल्याण खात्याच्या मॅडम घरी आल्या. बाई वाईट नाहीत. चप्पल बाहेर काढून आत आल्या. मुंगीचा पलंग पाहिला, तिला म्हणाल्या, "तुझा ब्रश दाखव बघू." तिनं ब्रश दाखवला, वर खिशातला खजिनाही दाखवला. मग तिला दुसऱ्या खोलीत पाठवून मॅडम म्हणाल्या, "तुम्ही प्रेमानं सांभाळलंय ते दिसतंय. पण कायद्याच्या दृष्टीनं ही मुलगी निराधार आहे."

हे हसले. खरंच हसले, त्यांना वाटलं मॅडम चुकून दुसऱ्याच कुणाचं बोलतायत.

"कोर्टाकडून पालकत्व घ्या," मॅडम म्हणाल्या, "नाहीतर आईची लेखी संमती आणा. काहीच झालं नाही तर मला तिला बालगृहात ठेवावं लागेल. माझा इलाज नाही."

पलीकडे मुंगी कसलंसं गाणं गुणगुणत होती. मॅडम गेल्यावर मी दार लावलं आणि कडीवरचा हात काढवेना. तेव्हापासून दारावर टकटक झाली की मी आधी मुंगी कुठे आहे ते बघते. काल गॅसवाला आला तर मी मुंगीला न्हाणीघरात ढकललं.

चार ओळी लिही. हात जोडते.

ताई


१४ मार्च

वरची,

तुझं काहीच नाही. मैत्रीण शपथेवर सांगते की पत्ता बरोबर आहे.

आम्ही वकील केला. वकीलीणबाई आहेत, माझ्याच हातचा चष्मा वापरतात, त्या ओळखीवर गेले. सगळं ऐकून म्हणाल्या, "केस चांगली आहे. वडील हयात नाहीत, तेव्हा आईला नोटीस काढावी लागते. शेवटचा माहीत असलेला पत्ता म्हणजे ती वरची खोली. तिथे नोटीस जाईल, दाराला चिकटवतील, कोणी हजर राहणार नाही, मग पेपरात जाहिरात. आई आलीच नाही की सुंठीवाचून खोकला गेला." मग पेन उचलून त्यांनी विचारलं, "आईचा आत्ताचा पत्ता तुम्हाला—" आणि मध्येच हात वर केला. "थांबा. घाई करू नका. विचार करून उत्तर द्या. माहीत नसेल तर नाही म्हणा."

हे पटकन म्हणाले, "नाही माहीत."

मी म्हणाले, "माहीत आहे."

वकीलीणबाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "अहो बाई, हे म्हणजे हात दाखवून अवलक्षण. तिला नोटीस मिळाली तर ती येईल. ती जन्मदाती आहे. तिनं मागितली तर मला प्रवाहाविरुद्ध पोहायला लागेल, कळतंय का?"

कळत होतं. मी पत्ता लिहून दिला.

घरी येताना हे माझ्या चार पावलं पुढे चालत होते. कधी चालत नाहीत तसे. जिन्यात थांबून म्हणाले, "तुला पोर नकोय का?" एवढंच. मग जेवलेही नाहीत. तुला आठवत असेल, ह्यांचा आवाज कधी चढत नाही. लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसांशी फोनवर बोलून बोलून तसाच झालाय — घाबरू नका, दोर मजबूत असतो, मी आलोच. त्या आवाजात ते मला 'तुला पोर नकोय का' म्हणाले, म्हणून जास्त लागलं.

तर तुला कोर्टाचा लिफाफा येईल. शिक्के बघून घाबरू नकोस. त्यात 'प्रतिवादी' म्हणून तुझं नाव असेल. प्रतिवादी म्हणजे भांडणातली दुसरी बाजू. मी तुझ्याशी भांडत नाहीये. पण भांडण नाही असं लिहायला त्या कागदात जागा नसते.

तू येऊ नकोस असं मला वाटतं. हेही लिहून टाकते. संमती पाठव आणि येऊ नकोस.

ताई


३० मार्च

तुझं पत्र आलं.

'ताई, नोटीस मिळाली. सोळा तारखेला कोर्टात येते. तिला घेऊन जायला येते. तिला सांगून ठेवा.'

किती वेळा वाचलं ते विचारू नकोस. 'तिला सांगून ठेवा.' काय सांगू गं? तुझी आई आहे, लांब कामाला गेली आहे, तुझी आठवण काढते, हे मी तिला पहिल्यापासून सांगत आले. तुझा फोटो कपाटाच्या दाराला लावलाय, तुझे फोन यायचे बंद झाले तरी काढला नाही. वकीलीणबाई परवा म्हणाल्या, "तुम्ही तिला आई म्हणायला शिकवलं असतं तर आज बरं पडलं असतं." मी म्हटलं, आई आहे की तिला.

आता पुढचं लिहिते.

तुझं पत्र आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ह्यांनी कपाटावरची बॅग काढली. मुंगीचे कपडे भरले, तिची औषधं, स्वतःचे दोन शर्ट. मी बघत उभी राहिले. मग माझ्या साड्या मीच भरल्या. ह्यांच्या जुन्या मित्राचं गाव लांब आहे, तिथे लिफ्टच्या कामाला माणूस हवाच असतो. तिथे आम्हाला कोण ओळखतंय? तिथे आम्ही आजी-आजोबा झालो असतो, नाहीतर आईबाप. म्हातारपणी झालेलं पोर, लोक हसले असते आणि विसरले असते.

आम्ही बसस्टँडवर गेलो. भर सकाळी, शाळेच्या वेळेला. मुंगी गणवेशात होती, कारण कपडे बदलायला लावले तर ती विचारणार हे आम्हाला माहीत होतं. बाकावर बसून पाय हलवत होती. "सहल आहे का?" म्हणाली. हे हो म्हणाले. "मग डबा कुठाय?" हे तिकीट काढायला उठले.

तिकिटाच्या रांगेत हे उभे होते. त्यांच्या पुढे एक पोलीस होता, सुट्टीवर निघालेला, हातात केळी. तो सहज मागे वळला आणि मुंगीकडे बघून हसला, "काय, आजोबांबरोबर कुठे?" आणि मी पाहिलं, ह्यांच्या हातातले तिकिटाचे पैसे खाली सांडले. इतकी वर्षं अंधारात अडकलेल्या लोकांना धीर देणारा माणूस, त्याला एका केळीवाल्या पोलिसासमोर बोलता येईना. मुंगी बाकावरून उतरली, रांगेत जाऊन त्यांचा हात धरला आणि म्हणाली, "काका, तुला बरं वाटत नाहीये. आपण घरी जाऊ. सहल नंतर करू."

आम्ही घरी आलो. तिला उशिरा शाळेत सोडलं. बाई म्हणाल्या, उशीर का, तर मुंगीनं सांगितलं, "काकाला चक्कर आली." परत आल्यावर हे आपल्या जिन्यातच बसले, वरचे मास्तर उतरत होते ते ह्यांना ओलांडून गेले.

हे पत्र तू कोर्टात दाखवलंस तर आम्ही संपलो. मुलीला पळवून नेत होते, म्हणतील, आणि खोटं काय आहे त्यात? पाकिटावर पत्ता लिहिलाय, तिकीट लावलंय. टाकायचं का नाही ते उद्या ठरवीन.


१७ एप्रिल

वरची,

हे पत्र मुंगीच्या पिशवीत, कपड्यांच्या वर ठेवतेय. तिच्यादेखत ठेवतेय. थोड्या वेळानं तू तिला न्यायला येशील.

काल तुला कोर्टाच्या व्हरांड्यात पाहिलं आणि आधी ओळखलंच नाही. केस कापलेस. बारीक झालीस. तू येणार म्हणून मी मनात एक भांडकुदळ बाई उभी केली होती, तिच्याशी मी आठवडाभर भांडत होते. समोर तू आलीस तर तुझ्या कोटाचं बटण तुटलेलं. माझ्या मनात आलं, हिला कोणीतरी सुईदोरा द्या. आणि लगेच मनात आलं, ही माझं घर उठवायला आली आहे. दोन्ही एकदमच.

बसस्टँडचं पत्र मी शेवटी टाकलंच होतं; ते तुला मिळालंय हे तू माझ्याकडे पाहिलंस तेव्हाच कळलं. न्यायाधीशांनी तुला विचारलं, यांच्याबद्दल काही तक्रार आहे का. मी ह्यांची बाही घट्ट धरली. तू "नाही" म्हणालीस. का म्हणालीस ते मला अजून कळत नाही. तू ते राखून ठेवलं आहेस की काय, अशीही पाल चुकचुकली. माझी मती अशी झाली आहे बघ, कोणी चांगलं वागलं की जास्त घाबरायला होतं.

मुंगी तुझ्याकडे बघून म्हणाली, "तुम्ही बसा ना. इथे जागा आहे." सरकून जागाही दिली. मी तिला तसं शिकवलं नव्हतं, शप्पथ. आईला तू म्हणायचं असतं हे तिला ठाऊक आहे. फोटोला ती तूच म्हणते. पण समोर बाई आली, मोठी, अनोळखी, तर तिच्या तोंडून 'तुम्ही' गेलं. तुझा चेहरा मी पाहिला. मला जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं ना? तसं काही वाटलं नाही. कुणीतरी माझ्याच थोबाडीत मारल्यासारखं झालं.

न्यायाधीश म्हणाले, निकालाआधी मुलीनं आठवडाभर आईजवळ राहावं, जवळच्याच लॉजमध्ये, मॅडम रोज येऊन बघतील. तुझा पासपोर्ट मॅडमनी ठेवून घेतलाय, म्हणून वकीलीणबाई मला निर्धास्त राहा म्हणतात. निर्धास्त. हे सकाळपासून एकच स्क्रू घट्ट करतायत आणि सैल करतायत.

आता कामाचं. ती दुखलं खुपलं सांगत नाही, गप्प झाली की कपाळाला हात लाव. टाक्याच्या जागी खाजवते, खाजवू देऊ नकोस. झोपताना एक पाय पांघरुणाबाहेर लागतो, तो आत घेऊ नकोस, जागी होते. लिफ्टमध्ये आनंदानं चढते पण फिरत्या जिन्याला घाबरते. रागावलीस तर चालेल, मात्र रागावून अबोला धरू नकोस, तिला वाटतं माणूस निघून जाणार. वाचताना अडली तर लगेच सांगू नकोस, थोडं थांब, तिला स्वतः लावायचं असतं. केसांचा गुंता खालून सोडव.

अजून पुष्कळ आहे, पण सगळं लिहिलं तर माझ्याकडे काय उरेल, असं एक क्षण वाटलं. म्हणून तेही लिहिते: तिला विनोद सांग. फालतू चालतात. एका माणसानं लिफ्टला विचारलं, काय चाललंय, लिफ्ट म्हणाली, चढ-उतार. या एकाच विनोदावर ती दोन वर्षं हसतेय.

दारात पावलं वाजतायत. तूच असशील.

ताई


५ मे

वरची,

तू सुखरूप पोचलीस हे मैत्रिणीकडून कळलं. या वेळी तिनं आपणहून दुकानात येऊन सांगितलं.

तुला जे माहीत आहे तेच लिहिते, पण दाराच्या माझ्या बाजूनं. त्या आठवड्यात मी दुकानात तीन काचा फोडल्या. मालक म्हणाले, सुट्टी घ्या. मी म्हटलं, घरी बसवत नाही. ह्यांनी मुंगीच्या पलंगाचा करकरणारा पाय दुरुस्त केला, मग म्हणाले, "आता ती आली नाही तर?" आणि पुन्हा करकरेल असा सैल करून ठेवला. असं आमचं चाललेलं.

मुदत संपायच्या आदल्या दिवशी दुपारी दार वाजलं. मला वाटलं मॅडम आल्या, तू निघून गेलीस हे सांगायला. कडी उघडता येईना, ह्यांनी येऊन उघडली. दारात तुम्ही दोघी. मुंगी माझ्या हाताखालून आत शिरली, पिशवी टाकली, "मला भूक लागलीय, आणि तिथली उशी घाण होती" असं ओरडत स्वयंपाकघरात गेली आणि काहीतरी पाडलं. मी रागावले. ती उलट बोलली. आणि तू दारातच उभी राहून हुंदके द्यायला लागलीस. मला कळेचना काय झालं.

"माझ्याकडे ती एकदाही असं बोलली नाही, ताई," तू म्हणालीस. "पाणी प्यायला सुद्धा विचारायची. पांघरुणाची घडी घालून ठेवायची. मी म्हटलं हट्ट कर ना गं, तर म्हणाली, कसला करू? आठवडाभर मला काही म्हणजे काही त्रास दिला नाही तिनं."

तेव्हा ह्यांनी तुला खुर्ची दिली. मग तू आमच्या दोघांच्या मधे बसून जे सांगितलंस ते आम्ही कधी विचारलं नव्हतं: तिकडच्या मालकिणीनं कागद काढून घेतले ते, फोन हरवला ते, आणि मग एक महिना फोन केला नाही म्हणून दुसऱ्या महिन्यात कुठल्या तोंडानं करू, असं करत वर्ष कसं गेलं ते. "नोटीस आली तेव्हा वाटलं, आता नाही गेले तर ती कायमची गेली." हे म्हणाले, "लिफ्टमध्ये अडकलेला माणूस तेच सांगतो. आधी लाजेनं ओरडत नाही, मग घसा बसतो."

मला वाटलं तेवढ्यावर तू सही करशील. तू केली नाहीस, आणि माझं पुन्हा धाबं दणाणलं. कोर्टात तू उभी राहिलीस आणि म्हणालीस, माझ्या तीन अटी आहेत. कागदावर आई म्हणून माझंच नाव राहील. सुट्टीत मी येईन आणि तिला भेटेन. आणि तिला कोणी सांगायचं नाही की आईनं टाकलं. वकीलीणबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावत सुटले होते, थांबताच येईना.

मग लिहून घेणाऱ्या कारकुनानं यंत्रवत वाचलं, "आईने मुलीला टाकून दिल्यानंतर—" आणि तू त्याला थांबवलंस. "टाकून नाही. मी तिला टाकून गेले नव्हते. ठेवून गेले होते. आजही ठेवूनच जातेय."

तो गोंधळला, न्यायाधीशांकडे बघायला लागला. "साहेब, कसं घेऊ?"

"बाई म्हणाल्या तसंच घ्या," न्यायाधीश म्हणाले.

वरची, इतकी वर्षं मी तिला कडेवर घेतलं, पण ती माझ्याकडे कुणीतरी ठेवली आहे, हे मला त्या क्षणी कळलं. तोपर्यंत आत कुठेतरी मला वाटत असे की ती मला सापडली आहे.

आदेशाची प्रत आली. हे ती रोज काढून वाचतात आणि परत ठेवतात. मुंगीला मी समजावून सांगितलं: कायद्यानं आम्ही तुझे पालक, आणि तुझी आई ती तुझी आई. तिनं विचारलं, "मग आता हॉस्पिटलमध्ये तू सही करू शकतेस?" मी हो म्हटलं. "मग मी पडले तरी चालेल," म्हणाली आणि सायकल घेऊन गेली. दोनच दिवसांत गुडघे फोडून घेतले.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. विमानतळाची बस सुटताना तू खिडकीतून विचारलंस, "ताई, वकीलीणबाई नको म्हणत होत्या, तरी मला का कळवलंत?" बस हलली आणि मी नुसता हात हलवला. खरं तर मला तेव्हा उत्तर येत नव्हतं. ह्यांनीही तेच विचारलं होतं, जिन्यात, आणि त्यांनाही मी काही बोलले नव्हते. आज काचा घासता घासता सापडलं.

मी तुला घाबरत होते. मॅडमना, कोर्टाला, दारावरच्या टकटकीला, केळीवाल्या पोलिसाला घाबरत होते. पण एका बाईला मी या सगळ्यांहून जास्त घाबरते, आणि ती बाई अजून झालेली नाही. वीस-बावीस वर्षांची मुंगी. ती कधीतरी माझ्यासमोर बसेल आणि विचारेल, "मावशी, मला ठेवून घेताना माझ्या आईला विचारलं होतंस?" न्यायाधीशांसमोर खोटं बोलून मी निभावलं असतं गं. तिच्यासमोर कशी निभावणार होते?

सुट्टीत ये. तुझी तारीख कळली की माझी झोप उडेल, ही पुन्हा काय मागेल, काय बदलेल, पोर हिच्या मागे लागून गेली तर, हे सगळं माझ्या डोक्यात येणार. मी घाबरणारच आहे. तू तिकडे लक्ष देऊ नकोस. ये.

तुझी ताई